किलोचा भाव, नगाचा भाव

माझे अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतात. कुणी हे वाचलेच तर माफ करावे. शाळा चौथीतच सुटली.

इतवारीत आमचे स्टीलच्या भांड्यांचे ठोक दुकान. एका मोठ्या खरेदीदाराने सगळ्या मालाची माहिती एक्सएमएल फाईलमध्ये मागितली. सूनबाई मला म्हणाली, "आई, ही फाईल त्यांचा कम्प्युटरच वाचते. म्हणून कोणत्या खान्यात काय लिहायचं, ते आधीच ठरलेलं लागते. त्याले स्टँडर्ड म्हणतात."

खरेदीदाराला दोन स्टँडर्ड चालत होती, एक आटोपशीर आणि एक लांबलचक. सूनबाईने आटोपशीर निवडले. त्यात भावाला एकच खाना होता. मोठ्या पातेल्याला आम्ही गंज म्हणतो. ह्यांनी गंजाचा भाव सांगितला तो किलोचा, कारण आमच्या बाजारात भांडी किलोनेच विकतात. तिने तोच लिहिला. खरेदीदाराने तो एका नगाचा धरला. तीन किलोचा गंज एका किलोच्या भावात गेला. माल पोचल्यावर पैसे आले तेव्हा कळले. खरेदीदार म्हणाला, भाव तुम्हीच दिलात.

कारखान्याचे पैसे द्यायचे होते. सूनबाईने उमरेडहून वडिलांकडून उसने आणले. ह्यांना ते फार लागले.

"सुनेच्या माहेरचा पैसा दुकानात! आता उमरेडले कसा जाऊ गा मी?"

मुलगा म्हणाला, "बसनं जा, बाबा."

कुणी हसले नाही. सूनबाई तर ताटावरून उठली. मी मागे गेले.

"काहून वं, जेवून नाही राहिली?"

"दुसऱ्या स्टँडर्डमध्ये मागणी नगानं, भाव किलोनं, असे वेगळे खाने होते, आई. एका नगाचं वजनही लिहिता येते. पण आता माह्यावर कोण भरोसा ठेवन?"

"मी ठेवतो ना. वजन मी करतो, तू लिही."

दुकानाच्या पुढच्या भागात मी कधी बसले नव्हते. हमालांकडे पाठ करून, पदर सावरत एकेक भांडे काट्यावर ठेवू लागले. मी वजन सांगायची, ती लिहायची आणि पुन्हा वाचून माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की पुढचे भांडे.

एकदा हे म्हणाले, "वाट्याही तोलून राहिल्या! मले चढवा आता काट्यावर."

"चढा ना, बाबा. पण तुमचा भाव नगानं लिहू का किलोनं?" सूनबाईने विचारले.

कितीतरी दिवसांनी हे पोट धरून हसले.

नव्या फाईलवरच्या मागण्यांचे पैसे बरोबर येऊ लागले, तसे आम्ही थोडे थोडे उमरेडला पाठवत गेलो. शेवटचे द्यायला हे स्वतः गेले, मीही सोबत होते. व्याही घेईनात, तेव्हा ह्यांनी पैसे त्यांच्या हातात ठेवून त्यांची मूठ मिटली. त्या दिवशी सगळे पैसे फिटले.