धाकट्याचा वाटा

वाग्देवीच्या चरणी मस्तक ठेवून, आज धाकट्या भावाच्या तिथीला, श्राद्धकर्म आटोपल्यावर हे लिहीत आहे.

किल्लारीकडच्या एका गावी तो देवळात पूजेला होता. भूकंपात तिथेच गेला. माणसांशी बोलणे बेताचे. पंगतीत गलका वाढला की कानांवर हात ठेवून उठे. पाठशाळेत मात्र त्याचा एकही स्वर कधी ढळला नाही. गुरुजी त्याला योगभ्रष्ट, म्हणजे मागल्या जन्मी योग अपुरा राहिलेला जीव, म्हणत. आम्हीही तेच मानले.

पुढे लातुरात आमच्या गल्लीत दारोदार क्लासेसचे फलक लागले, तेव्हा नात शाळेत जाऊ लागली होती. तीही तशीच. डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली. शेजारच्या वहिनी सुनेसमोरच म्हणाल्या, "मायच्या माहेराकडूनच आलं असंल. आता क्लासात कशी टिकायची ही?" सूनबाई नातीला घेऊन आत गेली.

त्याच सुमारास आनुवंशिकतेचा शोध घेणारी एक संशोधिका आली. निदान झालेल्या मुलांतच नव्हे, तुमच्याआमच्यातही या स्वभावाच्या छटा किती, हे तिला पाहायचे होते. ठरलेला क्रम मोडला तर त्रास होतो का, असे तिने मलाही विचारले. मी नाही म्हणालो. मग नळीत लाळ मागितली.

"आत्ता काही खाल्लं नाही ना, आजोबा?"

"छे! उपाशी आहे."

सूनबाई दारातून म्हणाली, "बाबा, तुळशीचं पान अजून तोंडात आहे."

"तीर्थ-तुळस का खाण्यात धरतात?"

संशोधिका हसली. "देवाला चालतं, आमच्या नळीला नाही."

दुसऱ्या दिवशी संध्येआधीच नळी भरली. जन्मात प्रथमच क्रम मोडला, आणि दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हा उमगले: छटा माझ्यातही आहे.

"मग हे कोणाकडून आलं?" नळी न्यायला आलेल्या संशोधिकेला मी विचारले.

"एका घराचं उत्तर निघत नाही, आजोबा. दोन्हीकडचे बारीक बारीक वाटे असतात. हजारो माणसं मिळून थोडं काही दिसतं."

धाकट्याची लाळ आता कुठून आणावी?

संध्याकाळी वहिनी आल्या. मी म्हणालो, "सुनेच्या माहेराला बोल लावू नका. माझ्या भावात हेच होतं. माझ्यातही आहे."

"तुमच्यात? तुम्ही तर शास्त्री!"

"म्हणून कोणी नावं ठेवली नाहीत, इतकंच."

त्या गेल्यावर सूनबाईने प्रथमच विचारले, "बाबा, धाकटे काका कसे होते हो?" मी सांगत राहिलो. नात पलीकडे आपल्याच तंद्रीत होती. तो असता तर तिच्याशेजारी नुसता बसला असता, आणि दोघांना बरे वाटले असते. एवढे एक पाहायचे राहून गेले.

जगदंबा वाचकांचे, त्यांच्या लेकीसुनांचे व घरादाराचे मंगल करो.