छातीतला खिळा

सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवणाऱ्या त्या कारागिराला सगळी गल्ली उस्ताद म्हणायची. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे धरायचे कुठे? तोंडात. पंधरा-वीस बारीक खिळे गालात, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने टिपायचा आणि ठोकायचा. तीस वर्षं हेच.

त्यामुळे जेवताना एकदा घास छातीच्या मधोमध अडला, तेव्हा त्याच्या मनात दुसरं काही आलंच नाही. खिळा गिळला.

सांगायची सोय नव्हती. "अहो, तोंड आहे की डबा?" असं बायकोने हजारदा ऐकवलेलं. शिवाय छाती उघडायची वेळ आली तर दुकानाला कुलूपच लागायचं. उस्ताद सात महिने गप्प राहिला. आधी घासागणिक पाणी लागायचं, पुढे पाणीसुद्धा अडू लागलं. जेवता जेवता उठून उभा राहायचा, मान ताणायचा. आडवं पडलं की खाल्लेलं तसंच वर यायचं. गिळणं ही देवाने इतकी मुकाट चालवलेली गोष्ट, की बंद पडेपर्यंत तिची आठवणही होत नाही!

शेवटी चुगली केली कमरेच्या पट्ट्याने.

"हे तिसरं भोक कधी पाडलंत?"

"पट्टा सैल झालाय गं."

"पट्टा तेवढाच आहे, आतला माणूस आटलाय. देवासमोर उभे आहात, खरं सांगा."

त्याने सांगितलं. बायको चिडली नाही, नुसती खाली बसली. तिच्या न चिडण्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

दवाखान्यात घशातून दुर्बीण घातली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खिळा नाही."

"एकही नाही?"

"किती हवे होते?"

उस्तादला हसू आलं नाही. खिळा नाही, मग उरलं काय? तो शब्द त्याच्याने बोलवेना. बायकोनेच विचारलं, "बाई, गाठबीठ?"

"तीही नाही."

बायकोने तिथल्या तिथे हात जोडले.

मग नाकातून बारीक नळी घालून त्याला घोट घोट पाणी प्यायला लावलं, आतला दाब मोजला. अन्ननलिका घासाला लाटेसारखं खाली ढकलते, मग तळाची झडप उघडते. उस्तादची लाट थांबली होती आणि झडप सैल होत नव्हती.

"म्हणजे पिशवीच्या तोंडाची नाडी ओढलेली आहे," उस्ताद म्हणाला.

"अगदी तसंच. आपण फुगा घालून ती ताणू. लाट मात्र परत येणार नाही. काही वर्षांनी पुन्हा फुगा लागू शकतो."

"लागू दे. गादीचं कापडसुद्धा पुन्हा बदलावंच लागतं."

फुगा घालून झाल्यावर थोडे दिवस पातळ खाण्यात गेले. मग एका दुपारी बायकोने मऊ भाताचं ताट आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, आणि स्वतः न जेवता समोर बसली. पहिला घास तो कितीतरी वेळ चावत राहिला. गिळला. हात सवयीने तांब्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. घास गेला होता! दुसराही गेला.

"पाणी देऊ?"

त्याने भरल्या तोंडानेच नको म्हणून मान हलवली आणि ताट पुढे सरकवलं.

बायकोने भात वाढला. उरलेल्या कापडाचा, आत लोहचुंबक शिवलेला एक मनगटपट्टा त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"उद्यापासून खिळे इथे," ती म्हणाली. "तोंड आता जेवायला लागतं."