तेल आपणहून कधी पेटतं

कणकवलीची गाडी यायला वेळ होता म्हणून कट्टा गावच्या स्टॉपवर चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात रॉनीचा फोन आला. रॉनी म्हणजे सिसिलिया मॅडमचा भाचा, मालवणात त्यांच्याच घरात राहतो. "अनंतकाका, आंटी गेली. चाय मागितल्यान, ती घेवन येईपर्यंत..." एवढंच बोलला. मी चहा तसाच ठेवला आणि मालवणकडे जाणाऱ्या गाडीत चढलो. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर मनात पहिलं आलं ते हे, की सुटल्या. आता त्यांना दोन पावलं टाकली की थांबून श्वास घ्यावा लागणार नाही. दुसरं आलं ते मात्र सहा आठवडे झाले तरी जात नाही. त्यांची शेवटची दोन वर्षं मी त्यांच्या गळ्यात एक काम बांधून खर्च करवली.

कणकवलीच्या एका कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी त्याच प्रयोगशाळेत परिचर होतो. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्या भरायच्या, फुटलेल्याची नोंद करायची. वर्गात त्यांचं मराठी अगदी छापील. सामानाच्या खोलीत आल्या की माझ्याशी मालवणी. मुलांना एक शिस्त होती. तीनदा तोच आकडा आल्याशिवाय वहीत शाईनं लिहायचं नाही, तोवर पेन्सिल. मुलं वैतागायची. आम्ही दोघंही निवृत्त झालो तेव्हा त्यांनी कॉलेजानं भंगारात काढलेली एक छोटी विजेची भट्टी घरी नेली. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "आसूंदे रे. हात रिकामे बरे दिसनत नाय."

मग शेवंतीचं ते प्रकरण झालं. शेवंती माझ्या शेजारची. आमच्या भागात एकानं शेड टाकून सालींच्या तेलाचा धंदा काढला होता. कणकवलीतल्या ज्यूसवाल्यांकडून मोसंबी-संत्र्यांच्या साली यायच्या, त्यांचं तेल काढायचं आणि उरलेला चोथा विजेच्या ड्रायरमध्ये सुकवायचा. शेवंती ड्रायरवर होती. एका दुपारी वरच्या फळीवरचा तेलाचा कॅन कलंडला, तेल ड्रायरमध्ये उतरलं आणि भडका उडाला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तिच्या कमरेच्या पिशवीत काडेपेटी सापडली, कारण ती मिश्री लावते आणि तंबाखू भाजायला काडेपेटी जवळ ठेवते. मालकानं लगेच सांगितलं, हिनं आत काडी ओढली. ड्रायरच्या तबकडीवर ऐंशीच्या वर काटा कधी जात नाही, तेवढ्यावर तेल आपणहून पेटत नाही, म्हणजे काडीच. गावानंही ते धरलं. तिला दुसरीकडेही कुणी कामावर घेईना. बायका म्हणायच्या, आमचीपण शेड जाळशील.

हाताच्या पट्ट्या सुटल्यावर मीच तिला मॅडमकडे नेलं. "मी काडी ओढूक नाय, बाई," ती म्हणाली. "पंख्याचो आवाज बंद झालो, म्हणान मी वाकान बघूक गेलंय, तेवढ्यात कॅन पडलो." मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग मला म्हणाल्या, "तेल कितीवर आपणहून पेटता, ता आधी बघूया."

त्यांच्या मागच्या खोलीत आम्ही भट्टी मांडली. तीत काचेचा गोल फ्लास्क सगळीकडून सारखा तापवायचा, ठरलेल्या तापमानाला आणायचा, सुईनं तेलाचे थोडेसेच थेंब आत सोडायचे आणि वाट बघायची. ठिणगी नाही, ज्योत नाही, नुसती गरमी. पेटलं तर फ्लास्कच्या तोंडाशी क्षणभर निळसर-पिवळी ज्वाळा दिसते, तीही अंधारातच. म्हणून खिडकीला गोणपाट ठोकलं आणि वर एक आरसा तिरका बांधला, की तोंड फ्लास्कवर न्यायला नको. थेंब सोडायचे मॅडमनी, घड्याळ बघायचं मी. दहा मिनिटं काही झालं नाही तर फ्लास्क हवेनं साफ करायचा, तापमान थोडं वाढवायचं, पुन्हा थेंब. पेटलं की थोडं उतरवायचं, पुन्हा थेंब. मोसंबीचं, संत्र्याचं, लिंबाचं. ताजं आणि उघड्या बाटलीत महिनाभर राहिलेलं. भर दुपारी त्या काळोखात घामानं निथळत बसायचो आणि खोलीभर गोडसर, जळका वास. त्या वासाला मी इतका कंटाळलो की अजून मोसंबीचा रस पीत नाही.

मॅडमना तेव्हाच दम लागायचा. दोन थेंब सोडले की स्टुलावर बसायच्या. "आजचा पुरे करूया," मी म्हणायचो. "आणखी एकदा," म्हणायच्या. पावसाळ्यात वीज जायची, भट्टी निवायची, सकाळपासूनचं सगळं फुकट. त्यांनी कधी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. नुसत्या खुर्ची ओढून पडवीत जाऊन बसायच्या.

आणि एवढं करून आकडा आला तो मालकाच्या बाजूनं. तेल सव्वादोनशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय पेटायला तयार नव्हतं. कुठे ऐंशी आणि कुठे हे. तीनदा तेच आलं, तेव्हा मॅडमनी शाईनं लिहिलं आणि शेवंतीला बोलावून सांगितलंही. "माझ्या आकड्यान तुझा काम होणा नाय गो." शेवंतीनं भाजलेल्या हातांनी पदर सारखा केला आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेली. त्या दिवशी मला मॅडमचा राग आला होता. एवढं खरं कशाला सांगायचं, असं वाटलं होतं... आज लिहिताना लाज वाटते.

पुढचे काही दिवस मी गेलोच नाही. मग एका सकाळी त्यांचाच फोन. "अनंता, तिना पहिल्याच दिवशी सांगितल्यान होता. पंख्याचो आवाज बंद झालो म्हणान. मी लिवान घेतलंय, पण आयकूक नाय." तबकडी दाखवते ती हवेची गरमी. पंखा थांबला तर हवा फिरत नाही, आणि खालचा लोखंडी पत्रा तापतच राहतो. मालकानं आम्हाला शेडमध्ये पाऊल ठेवू दिलं नाही. पण मिठबावला आमसुलं सुकवणाऱ्या बायकांच्या गटाकडे तसाच ड्रायर होता. रॉनीनं रिक्षा केली. वाटेत दोनदा थांबावं लागलं, मॅडमना बसवेना. तिथे पंखा मुद्दाम बंद ठेवून त्यांनी तापमान मोजायची तार पत्र्यावर टेकवली. तबकडी ऐंशीच दाखवत होती. पत्रा चारशेच्या वर गेला.

मला वाटलं, झालं काम. त्या म्हणाल्या, "नाय. फ्लास्कातला आणि उघड्या पत्र्यावरचा एक नसता." मग पुन्हा सगळं. तसाच पत्रा आणला, तसाच बंद डबा केला, घरामागे माडाखाली मांडला. तेल ओतलं की कधी नुसताच धूर. कधी पेटायचं, कधी नाही. जेवढ्या वेळा पेटलं नाही, तेवढ्या वेळाही त्यांनी लिहिलं. शेवटी अहवाल झाला, वहीची नक्कल जोडून मी तो आगीची चौकशी करणाऱ्या सरकारी कचेरीत दिला. तिथल्या साहेबाशी मी छापील मराठीत बोललो, मॅडमसारखं. मग कित्येक महिने काहीच नाही. मी चार खेपा घातल्या. मॅडम हळूहळू अंथरुणाला खिळत गेल्या.

कचेरीचं पत्र आलं तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. शेवंतीही आली होती. मॅडमनी वाचून दाखवलं : सदर आग यंत्रातील तप्त पृष्ठभागामुळे लागली असण्याची शक्यता असून कामगाराचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.

"म्हणजे काय, बाई?"

"म्हणजे तू पेटवूक नाय."

"ता माका ठावक होता," शेवंती म्हणाली.

मॅडमनी कागदाची घडी घातली. "हां," म्हणाल्या. "आता त्यांकाय ठावक झाला." आणि डोळे मिटून पडून राहिल्या. आनंद वगैरे कुणालाच झाला नाही. आम्ही तिघंही फार थकलो होतो. शेवंती आता एका काजूच्या कारखान्यात जाते. तिथे तिला कुणी काही विचारलं नाही, विचारलंच तर दाखवायला ते पत्र पिशवीत असतं.

रॉनीला मागची खोली पर्यटकांना द्यायची आहे. गेल्या आठवड्यात सामान हलवायला गेलो. रंगारी आधीच येऊन भिंती खरवडत होता. स्टुलाच्या बाजूच्या भिंतीवर, बसल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, एक काळपट तेलकट ठसा होता. आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, थेंब सोडून झाले की दम खाताना त्या उजवा हात तिथे टेकवायच्या. इतक्या दिवसांत चुन्यात पाच बोटं उमटली होती, आणि काळोखात बसणाऱ्या मला ती कधी दिसली नव्हती.

"ह्यो डाग घासून काढूचो काय, काका?" रंगाऱ्यानं विचारलं.

"बाकीच्या भिंती कर आधी," मी म्हटलं, आणि स्टूल घेऊन तिथेच बसलो.