माझ्या घरातल्या उवा

मी मास्तरीण. शाळेत पोरींची डोकी तपासणं हे माझं कामच. उवा दिसल्या की आईला बोलावून चार शब्द सुनवायचे. त्यामुळे माझ्याच सात वर्षांच्या लेकीच्या केसांतून फणीबरोबर उवा पडल्या, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवशी शाळा होती.

गावाकडच्या जाऊबाई त्या रविवारी बाजाराला म्हणून जालन्यात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कापसावरचं औषध तेलात कालवून लाव. आमच्याकडं सगळे तेच करतेत. बिलकुल एक ऊ राहत न्हाई." शेतासाठी घेतलेली बाटली त्यांच्या पिशवीतच होती. मी अडाणी नाही. बाटलीवरची विषाची लाल खूण मला दिसली होती. तरी लावलं आणि वर टॉवेल गुंडाळला.

तासाभरात पोरगी ओकायला लागली. तोंडातून लाळ गळत होती, पाय लटपटत होते. तशीच उचलून गल्लीतल्या दवाखान्यात नेली.

"अंगाला, डोक्याला काही लावलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

दार उघडं होतं आणि बाहेर बाकावर माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई बसली होती.

"न्हाई," मी म्हणाले. "नुसतं खोबरेल."

आजही ते आठवलं की मला स्वतःची किळस येते. डॉक्टर पोट बिघडल्याचं औषध लिहायला लागले. तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, मला नीट दिसून न्हाई राह्यलं."

"उवा झाल्यात तिला! फवारणीचं औषध लावलं मी!" मी ओरडलेच.

मग तिथंच तिचं डोकं धुतलं, केस कापले, इंजेक्शन दिलं आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तीन दिवस मी तिचा श्वास बघत बसले. वाचली. सुटीच्या कागदावर विषबाधेखाली आणखी एक शब्द होता, पेडिक्युलोसिस. नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, "म्हणजे उवा हो, मॅडम." हा रुबाबदार शब्द आधी ठाऊक असता, तर मी पहिल्याच प्रश्नाला खरं बोलले असते. खरंच बोलले असते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

आता तिचे केस पुन्हा खांद्यावर आलेत. तेलाची वाटी घेतली की ती आधी वास घेते, मग माझ्याकडे बघत राहते. मी पहिलं बोट माझ्या डोक्याला लावते. त्यानंतरच ती पाठ करून बसते.