डबीखालचा रकाना

ठाण्यातल्या आमच्या आरोग्य विम्याच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक काका बसतात. कुठला डॉक्टर कशाचा तज्ज्ञ, ती यादी तपासणं हे आमचं काम. डॉक्टर फॉर्ममध्ये स्वतःच लिहून देतो, मी अमक्याचा तज्ज्ञ. पूर्वी तेच जसंच्या तसं यादीत चढायचं. काका मात्र त्या रकान्यावर चष्म्याची डबी ठेवतात आणि आधी त्याची वर्षभराची बिलं वाचतात.

"अगं, फॉर्मवर काय, कोणीही काहीही लिहील. बिलं बघ, मग कळतं गडी करतो काय."

बोलून झालं की कपाळ चोळतात. काकू छातीत दुखायचं निमित्त होऊन गेल्या, त्याला अजून वर्ष नाही झालं. तेव्हापासून दुपारची पोळी ते अर्धी तशीच ठेवतात. रकान्यावर डबी ठेवायला लागले तेही तेव्हापासूनच.

काल मानपाड्याच्या एका डॉक्टरचा गठ्ठा आला. ताप, जुलाब, सलाईन, पुन्हा ताप. काकांनी शेवटच्या कागदापर्यंत वाचलं, 'जनरल' असा शेरा मारला आणि दुसऱ्या सहीसाठी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मी डबी उचलली. खाली डॉक्टरच्या अक्षरात लिहिलेलं होतं, हृदयरोगतज्ज्ञ.

"काका, छातीच्या दुखण्याचं एक बिल आहे ना यात? एकच आहे, पण आहे."

त्यांनी माझ्या हातातून डबी घेतली.

"ते तुझ्या काकूचं आहे. मीच नेलेलं तिला. आपल्या यादीत बघून."