नारखेडे सरांचा डबा आणि माझी चिठ्ठी

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं की टाळण्याचीच सवय झाली. सर गेले त्याला आता दीड महिना होईल. सकाळी त्यांच्या मुलाचा, सुधाकरचा, फोन आला. "काका, बाबा गेले. झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही." त्यांना कधी नेणार ते मी विचारलं, फोन ठेवला, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की चला, आता सांगावं लागणार नाही. दुःख त्यानंतर आलं. तेराव्याला त्यांच्या गावी, धामणगाव बढ्याला, मी चार शब्द बोललो, लोकांना ते आवडले. त्या बोलण्यात जे गाळलं ते इथं लिहितो आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कॉलेजं निघू लागली होती, त्यातलंच एक आमचं. इमारत नव्हती. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या गोदामात पत्रे उभे करून वर्ग पाडले होते. बाकं हलवली की खाली सरकी सापडायची. प्रा. तुकाराम नारखेडे अर्थशास्त्र शिकवायचे, मी राज्यशास्त्र. ते माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. मी चिखलीच्या एका अडत्याचा मुलगा, पुण्याहून एम. ए. होऊन नुकताच परतलेला. पुण्यात पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी "मले भात नको" म्हणालो होतो आणि सगळी पंगत हसली होती. त्यानंतर मी माझी बोली अशी घासून काढली, की सुटीत घरी आलो तर आई म्हणायची, "काऊन रे वसंता, पाहुण्यावानी बोलून राह्यला?"

आणि इथं, पत्र्याच्या पलीकडे, एक एम. ए. झालेला प्राध्यापक भर वर्गात विचारायचा, "मीठ महाग झालं म्हणून तुही माय वरणात कमी टाकते काय बे?"

"नाई सर!"

"अन् साखर महाग झाली तं?"

"मंग फक्त पाहुण्याच्या चहात टाकते सर!"

अख्खा वर्ग हसायचा, पत्रा थरथरायचा. "झालं मंग," सर म्हणायचे, "मिठाचं अन् साखरेचं एक नाही. पुस्तकात याले मागणीची लवचिकता म्हणतात. आता लिहून घ्या." माझ्या वर्गातली पोरं माझ्याकडे न बघता त्या पत्र्याकडे बघत बसायची. मी सार्वभौमत्वाची व्याख्या तिसऱ्यांदा सांगत असायचो.

सरांची आणखी एक रीत होती. दर शनिवारी तास संपायच्या आधी ते टेबलावर डालड्याचा रिकामा डबा ठेवायचे. झाकणाला चीर पाडलेली. आठवड्यात काय समजलं नाही, कुठं कंटाळा आला, सरांचं काय चुकलं, ते चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं. नाव लिहायचं नाही. "अक्षर ओळखणार नाही, हे माही शपथ," असं सांगून ते स्वतः वर्गाबाहेर जाऊन उभे राहायचे. रविवारी चिठ्ठ्या वाचायचे आणि सोमवारी तासाच्या सुरुवातीला एकेका चिठ्ठीला उत्तर द्यायचे. एकदा कुणीतरी लिहिलं, 'सर, तुम्ही फळ्यावर लिहिता आणि स्वतःच त्याच्यासमोर उभे राहता.' त्या सोमवारपासून सर फळ्याच्या कडेला सरकले ते कायमचे. त्या काळी प्राध्यापकाला त्याचं चुकलं असं सांगायची पद्धत नव्हती. आम्ही बाकीचे या डब्याची चेष्टा करायचो. "नारखेडे, आज काय तूप निघालं?" असं एक जण दर सोमवारी विचारायचा. सर हसून म्हणायचे, "बेरीच निघाली. पण तेही गोडच लागते."

माझ्या वर्गात गडबड होते हे त्यांच्या कानावर जात होतंच; मध्ये एक पत्रा तर होता. एक दिवस त्यांनी विचारलं, "वसंतराव, तुमच्या तासाले मागच्या बाकावर येऊन बसू काय? मलेही शिकाले भेटते." मी हो म्हटलं, नाही कसं म्हणणार? ते तासभर पोरांमध्ये बसले. नंतर बाहेर कडुलिंबाखाली म्हणाले, "राग नका मानू. तुमचा अभ्यास माह्यापेक्षा गंज जास्त हाये. पण तुम्ही पोरायकडे पाहतच नाही. अख्खा तास तुम्ही खिडकीले शिकवला."

ते खरं होतं, म्हणूनच फार लागलं. तिथंच दोन पोरं उभी होती, त्यांनी ऐकलं असं मला वाटलं. त्या शनिवारी तासानंतर डबा नेहमीसारखा स्टाफरूममधल्या सरांच्या टेबलावर होता. खोलीत कुणी नव्हतं. मी वहीचा अर्धा कागद फाडला आणि डाव्या हातानं लिहिलं: 'सर, तुमच्या बोलण्याची पोरं बाहेर नक्कल करतात. अशी गावंढळ भाषा ऐकायला आम्ही कॉलेजात येत नाही.' आणि चिठ्ठी आत सरकवली. एवढं लिहायला एक मिनिटही लागलं नाही.

सोमवारी मी माझ्या वर्गाला वाचायला लावून पत्र्याजवळ उभा राहिलो. सरांनी एकेक चिठ्ठी वाचली. माझीही वाचली, एक अक्षर न गाळता. मग म्हणाले, "ज्यानं हे लिहिलं त्याचे आभार. खरं बोलाले... बोलायला हिंमत लागते. मी सुधारणा करीन." त्या तासाला पत्रा एकदाही थरथरला नाही.

मला वाटलं होतं, ते चिडतील, डबा बंद करतील. त्यांनी वेगळंच केलं. संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. म्हणाले, "तुम्ही पुण्याले शिकलेले. माहं बोलणं सुधरून द्या. रोज अर्धा तास. पोरायचं नुकसान नको व्हाले."

तेव्हा सांगता आलं असतं. पिशवी अजून त्यांच्या हातातच होती. मी म्हणालो, "बसा ना, सर."

पुढचे सहा-सात महिने ते रोज आले. मी त्यांचं 'मले' काढून 'मला' घातलं, 'काऊन' काढून 'का' घातलं. पस्तिशीकडे झुकलेला तो माणूस शाळकरी पोरासारखा वाक्यं घोकायचा, चुकला की स्वतःच कान धरायचा. आणि तो अर्धा तास संपला की माझी शिकवणी सुरू व्हायची. उद्याचा धडा काय, पहिला प्रश्न कुणाला विचाराल, न समजलेल्या पोराचा चेहरा कसा दिसतो, उत्तर चुकलं तर त्याला खाली बसवायच्या आधी काय म्हणाल... हे सगळं त्यांनी मला शेंगा सोलता सोलता शिकवलं. मी खिडकी सोडून पोरांकडे बघायला लागलो. तिसऱ्या महिन्यात माझ्या तासाला एक पोरगा आपणहून उठला आणि म्हणाला, "सर, ग्रामपंचायतीले सार्वभौम म्हणता येईन काय?" मी एवढा आनंदलो की धावत जाऊन सरांना सांगितलं. पुढे तीस वर्षं मी बऱ्यापैकी शिक्षक म्हणून ओळखला गेलो. अजूनही मलकापूरच्या स्टेशनावर कुणीतरी वाकून नमस्कार करतं. त्यातला निम्मा नमस्कार सरांचा आहे, हे मला प्रत्येक वेळी कळतं.

त्यांच्या वर्गात मात्र आता "मिठाच्या मागणीची लवचिकता अत्यल्प असते" असं वाक्य ऐकू यायचं, आणि पुढे पेनांची कुरकुर. ते वाईट शिकवत नव्हते. तयारी तर दुप्पट करायचे. पण बोलण्याआधी क्षणभर थांबायचे, शब्द तपासून घ्यायचे, आणि तेवढ्यात पोरं निसटायची. डब्यात चिठ्ठ्या येऊ लागल्या: 'सर, पहिल्यासारखं बोला.' एकदा तर अशा नऊ आल्या. त्या त्यांनी माझ्यापुढे पसरल्या. "ही पोरं माया करतात म्हणून असं लिहितात," ते म्हणाले, एकेक शब्द जपून टाकत. "खरं सांगणारा तो एकच निघाला. तुम्हाला काय वाटतं?"

चिठ्ठी ही रागाच्या भरात झालेली गोष्ट होती, तिला मी कधीतरी माफ करू शकेन. पण त्या दिवशी मला राग नव्हता. त्या माणसावर माझं प्रेम बसलं होतं. तरीही मी त्या नऊ चिठ्ठ्यांकडे बघून म्हणालो, "चाललंय ते बरं आहे, सर." ते निवृत्त होईपर्यंत तसंच चाललं.

मागच्या दिवाळीनंतर मी ठरवून धामणगावला गेलो. एसटीत बसून वाक्यं जुळवत होतो. सर अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी घरात वहिनींना हाक मारली, "अवं, वसंतराव आले, चहा ठेव बरं!" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रकृती कशी आहे आपली?" साठ वर्षांनंतरही माझ्याशी बोलताना ते जपून बोलत होते. मी विषय काढला. म्हटलं, "सर, ती चिठ्ठी आठवते?" त्यांचा चेहरा उजळला. "न आठवायला काय झालं? तो कोण होता ते मी शोधलं नाही. शपथ होती ना. पण त्याच्यामुळे मी रोज स्वतःला तपासत राहिलो. कुठं असेल तिथं सुखी असो." वहिनी चहा घेऊन आल्या. मी चहा प्यालो. मग शेवटची एसटी चुकेल म्हणून उठलो, आणि सरांनी काठी टेकत फाटकापर्यंत येऊन मला निरोप दिला.

सरांना जे सांगायचं होतं ते मी एसटीत पुस्तकी मराठीत जुळवलं होतं. आता वाटतं, म्हणूनच ते तोंडातून निघालं नाही. ते असं म्हणायला हवं होतं: सर, पोरायनं तुमच्या बोलण्याले कधीच नाव ठेवलं नव्हतं. त्यायले तुमचं बोलणं लय आवडे. थे चिठ्ठी म्या लिहिली होती. मले माफ करा.