तोंदुपच्या नावाचा घास

१४ मे २०१६ रोजी गावच्या पाहुणेघर समितीने कुंझेस आंगमोला नऊ हजार सहाशे रुपये दिले. तिचा नवरा तोंदुप पाच दिवसांपूर्वी वारला होता. पाणथळीवर पक्ष्यांची राखण करण्याचा त्याचा हा राहिलेला पगार. समितीचा हिशेब माझ्याकडे, म्हणून लेहहून मीच तिच्या गावी घेऊन गेलो. तिने नोटा न मोजता पेटीत टाकल्या आणि लोण्याचा चहा पुढे ठेवला.

"परत गेलात की भाजलेल्या जवाच्या पिठाचं एक पोतं पाठवाल का, आजांग-ले?" ती मला आदराने मामा म्हणते.

"एकटीला पोतं?"

"मला नाही. कुत्र्यांना."

माणूस गेला की सात आठवडे त्याच्या नावाने कुत्र्यांना घास घालायचा. तोवर जीव पुढच्या जन्माच्या वाटेत असतो, आणि घास चुकला तर उपाशी राहतो.

कुंझेस भटक्या मेंढपाळांच्या काळ्या तंबूत जन्मली आणि चाळिशीपर्यंत बकऱ्यांमागे फिरली. एका हिवाळ्यात बर्फ एवढं पडलं की अर्ध्याहून जास्त बकऱ्या मेल्या. उरलेल्या दिरांना देऊन ती नवऱ्यासह या सरोवराकाठच्या गावात राहायला आली आणि घरातली बरी खोली तिने पर्यटकांना दिली. तेव्हा गाड्या थेट पाण्यापर्यंत जायच्या, हिरवळीवर तंबू पडायचे. काळ्या मानेचे क्रौंच, ज्यांना आम्ही थुंगथुंग म्हणतो, ते तिथे उतरेनासे झाले होते. मग गावाने ठरवलं की पाहुणे आठ घरांत पाळीपाळीने राहतील, आणि पाणथळीत कोणी पाऊल टाकणार नाही. तोंदुपने चुन्याने रंगवलेले दगड ओळीने मांडले. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत तो एका उंचवट्यावर बसून असे. तिसऱ्या वर्षी क्रौंचांची एक जोडी परत आली. तिचे फोटो काढायला लोक येत, आणि आठही घरांचा उन्हाळा त्यावर चाले.

एकदा एक फोटोवाला कुंझेसला म्हणाला, दगडांच्या आत सोडायला सांगा नवऱ्याला, वेगळे पैसे देतो. ती म्हणाली, "सांगून बघा. पण तो त्या पक्ष्यांचा घरजावई आहे. माझं कुठे ऐकतो?"

तोंदुप गेल्यावर ती रोज सकाळी पिठाचे गोळे घेऊन त्याच उंचवट्यावर जाऊ लागली. आधी दोन कुत्री यायची. महिनाभरात अकरा झाली आणि तिथेच झोपू लागली. त्या वर्षी पाणी कमी होतं. घरटं उंचवट्यासमोर पाण्यातल्या एका बेटावर होतं, त्यात दोन अंडी होती.

गावचा मुखिया, गोबा इशे, याने बैठक बोलावली.

"आचे," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो कुंझेसला म्हणाला, "लामांनी घास घालायला सांगितला, पंगत वाढायला नाही."

"पंगतीत पहिलं तुमचं काळं खरजुलं येऊन बसतं, गोबा-ले. घरी पोटभर मिळालं असतं तर आलं असतं का?"

लोक हसले. गोबाही हसला.

"घरामागे घाल ना. कोण नको म्हणतंय?"

"तो घरामागे बसायचा? तुमच्या आईचा घास तुम्ही चुलीपाशी घातलात, तिची जागा म्हणून. तेव्हा मी काही बोलले?"

"चुलीत अंडी नव्हती, आचे."

"दोन आठवडे राहिलेत. त्याला अर्ध्या वाटेत उपाशी ठेवू?"

बैठक तशीच उठली. लामा दोन दिवसांच्या वाटेवर होते. घास दुसरीकडे घातला तर चालेल का, हे त्यांना विचारून यावं, असं कोणाला सुचलं नाही.

सातव्या आठवड्यात एका सकाळी उंचवट्यावर कुत्री नव्हती. ती बेटावर होती. कुंझेस घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गेली. टरफलं होती, बाकी काही नव्हतं. जोडी लांब उभी होती. तिने आणलेले गोळे कुत्र्यांना घातले, कारण त्या दिवसाचा घास व्हायचा होता. मग गोबाच्या दारात जाऊन सांगितलं, "अंडी गेली."

"तोंदुप असता तर..." गोबा म्हणाला.

"तो असता तर घास कशाला घातला असता?"

उरलेले दिवस तिने घास घातला. पाहुण्यांनी येणं रद्द केलं. दंड कोणी मागितला नाही. तिने स्वतःच वर्षभराची आपली पाहुण्यांची पाळी दुसऱ्या घरांना दिली.

शरदात लामा आले. तिने विचारल्यावर म्हणाले, "जागेचं काही नसतं. कुठेही घाल, पोचतो." ती "हो" म्हणाली आणि त्यांचा पेला भरला.

पुढच्या मार्चमध्ये, पक्षी यायच्या आधी, तिने अकराही कुत्री हाकारून आपल्या अंगणात आणली. ती तिच्या हाताला सरावली होती, मुकाट आली. सप्टेंबरपर्यंत ती त्यांना बांधून ठेवते आणि दोन वेळा खायला घालते. भुंकण्यामुळे तिच्या खोलीत पाहुणा टिकत नाही. गोबा म्हणाला, कुत्री घराघरांत वाटून घेऊ. ती म्हणाली, "राहू दे. मीच जमवली." पहिल्या वर्षी जोडी आली, पण अंडी घातली नाहीत. यंदा जोडी आली आहे. घरट्याचं अजून कोणी काही सांगितलेलं नाही, आणि कुंझेस त्या बाजूला जात नाही.

कुत्र्यांच्या साखळ्या तिने लेहच्या एका दुकानातून उधारीवर आणल्या होत्या. त्यांचे तीनशे चाळीस रुपये द्यायचे बाकी आहेत.